वावराच्या धुऱ्यावरून ताऱ्यांचे फोटो अन् टाइमलॅप्स: नवीन माणसानं सुरुवात कशी कराची

विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला ताऱ्यांचे फोटो काढाचे असतील, नाही त टाइमलॅप्स, म्हणजे लागोपाठ काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, बनवाचा असेल त सगळ्यात महागाचं सामान त्याच्याकडं आधीच आहे, ते म्हणजे अंधार. शहरातली पोरं गाडीत पेट्रोल टाकून शंभर-दीडशे किलोमीटर जातात तो अंधार शोधायला, अन् आपल्याकडं तो गोठ्याच्या पलीकडं, धुऱ्यावर, रोज रात्री पडलेलाच राहते. नवीन पोरं पहिला प्रश्न विचारतात की भाऊ कॅमेरा कोणता घेऊ. कॅमेऱ्याचं नंतर पाहू ना. आधी तिथी पाहा, दिशा पाहा, अन् आपल्या गावाजवळची एक जागा पक्की करा. हे जमलं की कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सचा फोटोही असा येते की घरचे लोक विचारतात हे आपल्याच वावरातलं आहे का.

तिथीचं आधी

घरात भिंतीवर जे कॅलेंडर लटकून आहे तेच तुमचं पहिलं ॲप. चंद्र आकाशात असला की बारीक तारे अन् आकाशगंगा धुऊन निघते, म्हणून अमावस्येच्या आगं-मागं चार-पाच रात्री सगळ्यात चांगल्या. पण फक्त अमावस्येच्याच भरवशावर राहिलात त महिन्यातून एखादी रात्र हाती लागते अन् त्याच दिवशी ढग येतात, म्हणून चंद्राचा हिशोब शिकून घ्या. वद्य पक्षात चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवते. संकष्टीला त कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळच छापलेली राहते, साधारण रात्री नऊच्या आसपास, म्हणजे अंधार पडल्यापासून चंद्र निघेपर्यंत तास-सव्वा तास आपला. वद्य अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत मोकळं. शुद्ध पक्षात उलटं, चंद्र संध्याकाळीच डोक्यावर राहते पण शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळते, त्यानंतर पहाटेपर्यंत काळोख. अन् शुद्ध तृतीया-चतुर्थीची बारीक कोर पश्चिमेला असली त तिला घाबरू नका, तिचा मंद उजेड जमिनीवर, झाडावर, बंडीवर पडते अन् समोरचं सगळं थोडं उजळून निघते, फोटोला ते चांगलंच राहते.

सूर्य मावळल्याबरोबर तारे काढायला बसू नका. आपल्या अक्षांशावर पूर्ण काळोख व्हायला साधारण सव्वा तास लागते. तेवढ्या वेळात ट्रायपॉड लावा, फ्रेम ठरवा, फोकस करा, डबा खा.

आकाशगंगा कधी अन् कुठं

सगळ्यांना पाह्यजे राहते तो आकाशगंगेचा जाड, चमकदार भाग म्हणजे गाभा. तो धनू अन् वृश्चिक राशीच्या मधात आहे. वृश्चिक ओळखणं एकदम सोपं, वाकड्या नांगीचा विंचू तिथं खराच दिसते, मधात लालसर ज्येष्ठा, शेपटाशी मूळ. त्याच्या डाव्या बाजूला धनूचे तारे चहाच्या किटलीसारखे मांडलेले दिसतात, अन् किटलीच्या तोटीच्या जरासं पुढं तो गाभा. नागपूर-अमरावतीच्या अक्षांशावरून, म्हणजे २१ अंशावरून, तो दक्षिणेला जास्तीत जास्त चाळीसेक अंश वर येते. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे क्षितिजापासून चार मुठी. युरोपातल्या लोकांना तो जेमतेम क्षितिजावर दिसते, या बाबतीत आपण लय नशीबवान आहोत.

मार्चच्या मधात गाभा रात्री एकच्या सुमारास उगवते, एप्रिलच्या मधात अकराला, मेच्या मधात नऊला. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, महिन्याला दोन तास, बस एवढंच गणित आहे. उगवल्यावर क्षितिजावरच्या धुरळ्यातून वर यायला दीड तास धरून चाला. म्हणजे मार्चमधे पहाटे तीनला उठाचं, मेमधे साडेदहापासून रात्रभर काढत बसाचं. मग जूनच्या मधापासून सप्टेंबरपर्यंत ढग, तेव्हा विसरून जा. ऑक्टोबरमधे पावसानं हवा धुऊन काढलेली राहते, संध्याकाळी सातला अंधार झाला की गाभा नैर्ऋत्येला टेकलेला दिसते अन् नऊ-साडेनऊपर्यंत मावळते. माझ्या मते नवीन माणसानं सुरुवात ऑक्टोबरातच करावी, झोपमोड नाही, उन्हाळा नाही, सोयाबीन निघालेलं राहते म्हणून वावर मोकळं, अन् दिवाळीच्या आधीचा वद्य पक्ष म्हणजे सोन्यासारख्या रात्री. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच येते, पण त्या दिवशी फटाक्यांचा धूर खाली बसून राहते, म्हणून चार दिवस आधीच काम उरकून घ्या.

हिवाळ्यात गाभा नसते पण मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका हे सगळे एकाच वेळी वर राहतात, अन् दक्षिणेला अगस्त्य. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव राहते, जेमिनिड्स म्हणतात त्याला, पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळून उल्का फुटल्यासारख्या वाटतात. ऑगस्टच्या पर्सीड्स उल्कावर्षावाची बातमी दरवर्षी मोबाइलवर येते पण तेव्हा आपल्याकडं आभाळ भरून राहते, त्याच्या नादी लागू नका, डिसेंबर पकडा. कॅमेरा रुंद लेन्सवर ठेवून लागोपाठ फोटो चालू ठेवायचे, उल्का कोणत्या फ्रेममधे पडेल ते कोणाच्याच हाती नाही.

मेमधे रात्री नऊच्या सुमारास एकदम दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर, त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा छोटा क्रूस, दिसते. त्याच्यासाठी दक्षिणेला झाडं-टेकड्या नसलेलं मोकळं रान पाह्यजे.

जागा: शहर पाठीमागं ठेवा

ही गोष्ट बरेच जण चुकवतात. गाभा दक्षिणेला आहे, म्हणून तुमच्या दक्षिणेला शहर, कारखाना, खदान, वीज केंद्र नसावं. म्हणजे तालुक्याच्या गावापासून दक्षिणेला जावं, त्याचा उजेड उत्तरेला, पाठीमागं राहते. चिखलदऱ्याचंच पाहा, उंची जवळपास ११०० मीटर, हवा स्वच्छ, पण दक्षिणेला खाली परतवाडा-अचलपूर आहे अन् त्याच्या पलीकडं अमरावती, म्हणून दक्षिण क्षितिजाजवळ पिवळट उजेड येते. त्यापेक्षा सेमाडोहकडं आत गेलं की फरक कळते. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात कोळशाच्या खदानीचे मोठमोठे दिवे रात्रभर चालू राहतात, तिथल्या पोरांनी आधी दिवसा गाडीवर फिरून कोणत्या बाजूला काय आहे ते पाहून घ्यावं. इंटरनेटवर प्रकाश प्रदूषणाचे नकाशे फुकट आहेत, त्यात आपलं गाव शोधा. आकाश किती काळं आहे हे मोजायला बोर्टल नावाची १ ते ९ ची पट्टी वापरतात, जॉन बोर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकानं २००१ मधे मांडली होती, १ म्हणजे एकदम काळं अन् ९ म्हणजे मोठ्या शहराचा मधला भाग. आपल्याला ४ पर्यंतचं मिळालं तरी भरपूर झालं.

पेंचचं नाव इथं घ्यावंच लागते. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मधे भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारं मान्यता मिळालेलं ठिकाण, झाला. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले दिवे लावले, म्हणजे उजेड रस्त्यावर पडते, आभाळात जात नाही. गावं अंधारात गेली नाहीत, रस्ता दिसते अन् तारेही दिसतात. मला हे फार महत्त्वाचं वाटते, काहून की आता गावोगावी चौकात हायमास्ट उभे होऊन राहिले अन् त्यांचा अर्धा उजेड वरच वाया जाते. तुमच्या ग्रामपंचायतीत नवीन दिवे लागत असतील त ग्रामसभेत उठून सांगा की वर झाकण असलेला, खाली उजेड पाडणारा दिवा लावा. तुमचा एखादा चांगला फोटो सोबत घेऊन गेलात त गोष्ट लवकर पटते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या लोकांकडं अजून एक खजिना आहे, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. वारा पडला की पाणी थिर होते अन् ताऱ्यांचं प्रतिबिंब पडते. तलावाच्या उत्तरेच्या पाळीवर उभं राहून दक्षिणेकडं तोंड केलं की आकाशगंगा वर अन् पाण्यातही. वऱ्हाडाकडं विहीर, बंडी, मारोतीचं देऊळ, एकटा मोह नाही त पळस. मार्चमधे पळस फुललेला राहते अन् पहाटे गाभा वर राहते, दोन्ही एका फ्रेममधे येतात. समोरची वस्तू कॅमेऱ्यापासून किमान सात-आठ मीटर लांब ठेवा, नाही त तारे शार्प अन् झाड धूसर.

पण जंगलात रात्री घुसू नका. राखीव जंगलात, व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय रात्री जाणं गुन्हा आहे अन् वाघ-बिबट काही कॅमेरा पाहून बाजूला होत नाहीत. रानडुकराचं त वावरातही भेव राहते. एकटं जाऊ नका. शेतीच्या मोटारीला रात्रीची लाइन असते तेव्हा ओलित करायला लोक वावरात जातातच, त्यांच्यासोबत जाणं सगळ्यात बरं, त्यांच्या बॅटरीचा फिरता उजेड कधी कधी फोटोत मस्त येते. बूट घाला, काठी ठेवा, चालताना मोठा टॉर्च लावा, काहून की मण्यार रात्रीच फिरते अन् धुऱ्यावरच्या गवतात घोणस पडून राहते. बॅग जमिनीवर उघडी ठेवू नका. कोणाला काही चावलंच त सरळ दवाखाना, मधात कुठं थांबू नका.

अन् गावात सांगून ठेवा. अमावस्येच्या मध्यरात्री जुन्या देवळाजवळ दोन पोरं लाल दिवा लावून बसलेली दिसली त आपल्याकडं लोकांच्या मनात पहिला विचार गुप्तधनाचा येते, नाही त करणीचा, अन् गोष्ट मारापर्यंत जाऊ शकते. ज्याचं वावर आहे त्याला विचारा, पोलीस पाटलाला दिवसा एक फोन करा. जागलीवर असलेल्या काकाला स्क्रीनवर फोटो दाखवा, तेच मग पुढच्या वेळी चहा पाजतात अन् चांगल्या जागाही सांगतात.

सामान अन् सेटिंग

फोन असला तरी चालते. प्रो मोड, म्हणजे सगळी सेटिंग हातानं करता येते तो, पाहा, मेन कॅमेराच वापरा, वाइड अन् झूमचे सेन्सर लहान राहतात. आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) १६०० ते ३२००, शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा) १५ ते २० सेकंद, फोकस अनंतावर, म्हणजे डोंगराच्या चिन्हापर्यंत, रॉ (न दाबलेली मूळ फाइल) चालू, टायमर ३ सेकंद. पिक्सेलसारख्या फोनात ॲस्ट्रो मोड आहे, तो चार मिनिटं छोटे छोटे फोटो काढून स्वतःच एकत्र करते. ट्रायपॉड नसला त फोन विटेला टेकवा, रेतीच्या थैलीवर ठेवा, फक्त हलला नाही पाह्यजे.

जुना सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, अन् १८-५५ चा किट लेन्स असला की सुरुवातीला दुसरं काही घेऊ नका. पैसे टाकाचेच असतील त मजबूत ट्रायपॉड घ्या. आपली काळी माती, त्यात नांगरलेलं वावर, पाय हळूहळू खाली बसतात अन् दोन तासाच्या टाइमलॅप्समधे फ्रेम वाकडी होत जाते, म्हणून पायांखाली फरशीचे तुकडे नाही त कवेलू ठेवा. मधली दांडी वर काढू नका, बॅग खाली लटकवा.

आता सेटिंग. कॅमेरा मॅन्युअलवर, लेन्स १८ वर, छिद्र सगळ्यात मोठं म्हणजे एफ ३.५, आयएसओ ३२००, फोटो रॉ मधे. शटर किती ठेवाचं त त्याला ५०० चा नियम आहे: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्यानं, भागा, पण छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो आकडा आधी दीडनं गुणा. १८ गुणिले दीड म्हणजे २७, ५०० भागिले २७ म्हणजे साडेअठरा सेकंद. त्याच्यापेक्षा जास्त ठेवलं की पृथ्वी फिरते अन् तारे लांबट होतात. आताचे सेन्सर बारीक आहेत म्हणून मी १५ च सांगतो. ५० चा एफ १.८ लेन्स असला त शटर सहा सेकंदाच्या वर जाऊ देऊ नका, पण त्याचं तोंड मोठं असल्यानं उजेड भरपूर येते अन् तो लेन्स स्वस्तही मिळते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगाचा तोल, ऑटोवर ठेवू नका, ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा. लेन्सवरचं स्थिरीकरण बंद. दोन सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही.

फोकसवर वेळ द्या, बाकी सगळं कॉम्प्युटरवर थोडंफार सुधारते पण फोकस गेला त फोटो गेला. अंधारात ऑटोफोकस चालत नाही. लेन्सवर जे आडव्या आठचं चिन्ह राहते त्याच्यावर भरोसा ठेवू नका. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, चालू करा, एखादा तेजस्वी तारा धरा, हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती नाही त अभिजित, गुरू असला त गुरू, स्क्रीनवर दहापट मोठा करा अन् फोकसची रिंग हळूहळू फिरवा. तारा लहान लहान होत जाते, मग परत मोठा होते, जिथं सगळ्यात लहान ठिपका दिसला तिथं थांबा. तारा स्क्रीनवर दिसतच नसला त दूरच्या मोबाइल टॉवरचा दिवा घ्या, एक-दोन किलोमीटरवरचा. मग रिंगला टेप लावून टाका अन् त्यानंतर झूमला हात लावू नका. नवीन किट लेन्समधे फोकसची रिंग मोटरवर चालते, असा लेन्स कॅमेरा बंद-चालू केला की फोकस विसरू शकते, म्हणून कॅमेरा झोपी जाण्याची सेटिंग लांबवा अन् बॅटरी बदलली की फोकस परत तपासा.

फोटो काढला की स्क्रीनवर चमकदार दिसते कारण डोळे अंधाराला सरावलेले राहतात. स्क्रीनची ब्राइटनेस कमी करा अन् हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहा, त्यातला डोंगर एकदम डाव्या भिंतीला चिकटलेला नको, थोडा उजवीकडं सरकलेला पाह्यजे. डोळ्यांना सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून बसल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा. चालताना मात्र पांढराच उजेड, साप लाल उजेडात दिसत नाही.

झाड किंवा देऊळ थोडं उजळाचं असलं त टॉर्च सरळ मारू नका, बाजूला उभं राहून पांढऱ्या दुपट्ट्यावर मारा अन् त्याचा परतलेला उजेड दोन-तीन सेकंद वस्तूवर पडू द्या.

टाइमलॅप्स

टाइमलॅप्सचं गणित आधी कागदावर करा. व्हिडिओत एका सेकंदाला २५ फोटो लागतात, म्हणजे दहा सेकंदाच्या व्हिडिओला २५०. शटर १५ सेकंद, दर १८ सेकंदाला एक फोटो, म्हणजे २५० फोटोंना ७५ मिनिटं. तेवढ्या वेळात आकाश १९ अंशाच्या आसपास सरकते, काहून की ते तासाला १५ अंश फिरते. एक रॉ फोटो २५ एमबीचा धरला त सव्वासहा जीबी कार्ड भरते. गाभा उगवताना पाह्यजे का मावळताना ते स्टेलेरियम नावाच्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधी पाहून घ्या, ते फुकट आहे, त्यात आपल्या गावाची जागा टाकली की कोणत्या वेळी काय कुठं राहील सगळं दिसते. फ्रेम आत्ताची आकाशगंगा पाहून लावू नका, तासाभरानं ती जिथं जाईल तिथं जागा सोडा.

बऱ्याच कॅमेऱ्यांत इंटरव्हल शूटिंग आतच राहते, नसलं त तारेचा इंटरव्हलवाला रिमोट मिळते. काही रिमोटमधे इंटरव्हल म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत, काहींमधे फोटो संपल्यापासून पुढं. घरीच घड्याळ लावून पाहून घ्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अजून खाते अन् सगळा हिशोब बिघडते. एकदा सुरू झालं की आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स कशालाच हात लावू नका, नाही त व्हिडिओ लुकलुकते.

पण ताऱ्यांच्या आधी ढगांवर हात बसवा. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठीच आहेत. दुपारी घराच्या गच्चीवरून, दर तीन सेकंदाला एक फोटो, पंधरा मिनिटांत बारा सेकंदाचा व्हिडिओ, चूक लगेच दिसते अन् परत करता येते. एक गोष्ट मात्र कडक पाळा: विजा चमकत असताना मोकळ्या वावरात ट्रायपॉड घेऊन उभं राहू नका, झाडाखाली त नाहीच नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदापेक्षा कमी लागले त ती दहा किलोमीटरच्या आत आहे, आत जा. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, फोटोपेक्षा जीव मोठा.

ज्यांच्याकडं इंटरव्हलची सोय नाही त्यांच्यासाठी स्टार ट्रेल, म्हणजे आकाश फिरताना ताऱ्यांच्या रेघा दाखवणारा फोटो. साधा लॉक होणारा तारेचा रिमोट घ्या, कॅमेरा कंटिन्युअसवर, शटर ३० सेकंद, एफ ४, आयएसओ १६००, बटण लॉक करून द्या, तासाभरात ११०-१२० फोटो होतात. उत्तरेला तोंड करा. ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून दोन मुठी वरच राहते, जेवढा अक्षांश तेवढीच त्याची उंची. सप्तर्षीतले क्रतू अन् पुलह जोडून रेघ पुढं नेली की ध्रुव सापडते, हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी वर नसले त शर्मिष्ठेवरून, म्हणजे इंग्रजी एम सारख्या दिसणाऱ्या ताऱ्यांवरून, शोधा. हे फोटो स्टारस्टॅक्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे टाकले की ध्रुवाभोवती गोल तयार होतात. याच फोटोंचा टाइमलॅप्सही बनते, म्हणजे एका रात्रीत दोन कामं.

हवामानाचं थोडं. हिवाळ्यात तलावाजवळ, ओलित केलेल्या हरभऱ्या-गव्हात, संत्र्याच्या बगिच्यात दहिवर पडते अन् लेन्सची काच कधी धुरकट झाली ते कळतही नाही. लेन्सला पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा बांधा, नाही त हात गरम ठेवायच्या पुड्या मोज्यात घालून लेन्सभोवती गुंडाळा, अन् अर्ध्या तासानं लाल उजेडात तिरपं पाहून काच तपासा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात अंगाच्या ऊबेत ठेवा. मार्च-एप्रिलमधे मोह वेचायला पालापाचोळा पेटवतात, वावरातली धसकटंही जाळतात, धूर दिसला त त्या रात्री आकाशगंगा काढायच्या भानगडीत पडू नका. मेमधे रात्रीही हवा तापलेली राहते, सेन्सर गरम होते अन् फोटोत लाल-निळे ठिपके येतात. त्याचा इलाज असा की शेवटी लेन्सला टोपण लावून त्याच आयएसओ-शटरवर दहा-पंधरा काळे फोटो काढून ठेवा.

घरी आल्यावर

ते काळे फोटो सिक्वेटरमधे लागतात, हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एकाच फ्रेमचे लागोपाठ १६ फोटो त्यात टाकले की ते तारे जुळवून एकत्र करते अन् दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येते. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोला हा सगळ्यात मोठा आधार आहे. रॉ उघडायला डार्कटेबल फुकट आहे. रंग जास्त ताणू नका, इंटरनेटवर जांभळं-निळं आकाश पाहून पाहून सवय झाली आहे पण आपल्या डोक्यावरचं आकाश तसं नाही, ज्येष्ठा लालसर अन् व्याध निळसर पांढरा दिसला की रंग बरोबर आहेत असं समजा.

टाइमलॅप्ससाठी पहिला फोटो सुधारा, तेच बदल सगळ्यांना लावा, जेपीजी काढा अन् दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरमधे इमेज सिक्वेन्स, म्हणजे सलग फोटोंची माळ, म्हणून घ्या. प्रोजेक्टचा वेग आधीच २५ वर ठेवा, फोटो टाकल्यावर तो बदलता येत नाही. फाइलींचे नंबर सलग पाह्यजेत, कॅमेरा ९९९९ नंतर परत ०००१ वर जाते अन् सिक्वेन्स तुटते, तसं झालं त सगळ्यांना नवीन नंबर द्या. लॅपटॉप जुना असला त जेपीजी १९२० रुंदीचेच काढा, काम हलकं होते. अन् व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकाचा असला त डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला इतकं दाबते की बारीक तारे सगळेच जातात.